काळ्याभोर डोळ्यांच्या आईबापाला घाऱ्या डोळ्यांची मुलगी कशी?

प्रश्न एका आईचा आहे. तिचे आणि नवऱ्याचे दोघांचेही डोळे काळेभोर, दोन्हीकडचे आजीआजोबाही तसेच. आठ महिन्यांच्या मुलीचे डोळे मात्र घारे, आणि उन्हात नेलं की चक्क हिरवट दिसतात. सासरी आधी कौतुक झालं, मग ‘ही गेली तरी कुणावर?’ सुरू झालं, आणि आता त्या प्रश्नाचा सूर बदललाय. माहेरी तिच्या आईची एक मावशी घारी होती, एवढाच काय तो धागा. हे शक्य आहे का, रंग असाच राहील का, डोळ्यात काही दोष तर नाही ना, लोकांची तोंडं बंद करायला डीएनए टेस्ट करून टाकावी का, आणि पुढचं मूलही घारं होईल का, असं सगळं तिनं विचारलंय.

शक्य आहे. त्यात नवल करण्यासारखंही काही नाही. शाळेत वाटाण्याच्या शेंगा घेऊन जो मेंडेल शिकवतात, तो जरी नीट आठवला तरी काळ्या डोळ्यांच्या जोडप्याला घारं मूल होतं हे कळतं. तुमच्या घरात कुजबुजणाऱ्यांचा विज्ञानाशी वाद नाही, त्यांनी पाठ अर्ध्यावर सोडलाय इतकंच.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बुबुळातला जो रंगीत पडदा असतो, मधोमध बाहुलीचं भोक असलेला, त्याला परितारिका म्हणतात. तिच्या मागच्या बाजूला गडद रंगद्रव्याचा एक थर असतो आणि तो तुम्हाआम्हाला, स्वीडनच्या माणसाला, सगळ्यांनाच सारखा असतो. फरक पडतो तो पुढच्या थरात. तिथल्या पेशी मेलॅनिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य बनवतात. ते भरपूर असलं की डोळे काळे दिसतात, मध्यम असलं की पिंगट किंवा मधाळ, आणि अगदी थोडं असलं की आत शिरलेला उजेड तिथल्या धाग्यांवरून विखुरतो, त्यातला निळा भाग जास्त परत फिरतो आणि डोळा निळा दिसतो. आकाश निळं दिसतं ते याच धर्तीवर. निळं किंवा हिरवं रंगद्रव्य माणसाच्या डोळ्यात नसतंच. थोडं पिवळसर-तपकिरी मेलॅनिन आणि त्यामागून येणारी ती निळाई एकत्र आली की हिरवट छटा दिसते. तुमच्या मुलीचे डोळे घरात पिंगट आणि अंगणात हिरवट दिसतात ते म्हणूनच. उजेड बदलला, बाहुली आकसली, की छटा बदलते.

डोळे तपासायच्या स्लिट लॅम्प या यंत्राच्या भिंगातून घारा डोळा पाहायला मला अजूनही आवडतो. बाहुलीच्या कडेनं तपकिरी झालर असते, तिच्या बाहेर पिवळसर-राखाडी धागे चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले, मध्येमध्ये खळगे, आणि कडेला पुन्हा गडद वर्तुळ. काळ्याभोर डोळ्यात हे धागे असतातच, पण रंगद्रव्य इतकं दाट की त्यातले फारसे दिसत नाहीत. म्हणजे घाऱ्या डोळ्यात काही ‘वेगळं’ आलेलं नसतं, झाकणारं थोडं कमी असतं.

आता वारसा. मेलॅनिन किती बनणार हे ठरवण्यात पंधराव्या गुणसूत्रावरच्या ‘ओसीए2’ या जनुकाचा वाटा मोठा. मेलॅनिन ज्या बारीक पिशव्यांमध्ये तयार होतं, तिथली आम्लता योग्य ठेवणारं प्रथिन हे जनुक बनवतं. गंमत अशी की बहुतेक निळ्या डोळ्यांच्या माणसांत हे जनुक शाबूत असतं. फरक सापडतो त्याच्या शेजारच्या ‘हर्क2’ जनुकात, तोही प्रथिन न बनवणाऱ्या एका तुकड्यातल्या डीएनएच्या फक्त एका अक्षरात. 2008 साली कोपनहेगन, रॉटरडॅम आणि ब्रिस्बेन अशा तीन ठिकाणच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे त्या जागेवर बोट ठेवलं. पंखा चांगला आहे, रेग्युलेटर एकावर आणून ठेवलाय, असा तो प्रकार. त्या जागी ‘ए’ असेल तर ओसीए2 जोरात चालतं, ‘जी’ असेल तर मंदावतं.

प्रत्येकाकडे या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक जरी ‘ए’ असली तरी डोळे बहुधा गडदच होतात. दोन्ही ‘जी’ असल्या की रंग उतरतो. म्हणजे तुम्ही दोघंही ‘ए-जी’ असाल, तर दोघांचे डोळे काळे, आणि तरी मुलीला दोन्हीकडून ‘जी’ मिळण्याची शक्यता चारात एक.

तुमच्या आईच्या मावशीचा धागा म्हणूनच कामाचा आहे. ती घारी, म्हणजे तिच्या आईबापाकडे दोघांकडेही ‘जी’ असणार. तिची काळ्या डोळ्यांची बहीण, म्हणजे तुमची आजी, हिच्याकडे ‘जी’ची लपलेली एक प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. तिथून तुमच्या आईकडे तीनात एक, तुमच्याकडे सहात एक. लग्नाआधी कुणी मला विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं. मुलगी झाल्यावर मात्र गणित उलट्या दिशेनं सोडवायचं असतं. ती दोन ‘जी’ घेऊन आली असेल, तर एक तुमच्याकडूनच आली, सहात एक वगैरे प्रश्न उरला नाही.

आणि दुसरी नवऱ्याकडून. त्यांच्या घराण्यात कुणी घारं नव्हतं, हा युक्तिवाद मी फार ऐकतो. लपलेली प्रत पिढ्यान्पिढ्या कुणाच्या नजरेस न येता चालत राहते. समोरून दुसरी ‘जी’ येईपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. शिवाय ‘कुणीच नव्हतं’ हे सांगणार कोण? आजोबांचा फोटो कृष्णधवल, आणि आपल्याकडे मधाळ डोळ्यांनाही सर्रास काळेच म्हणतात. एक साधी गोष्ट करून बघा. पुढच्या सणाला सगळे जमतील तेव्हा सासरच्या मंडळींना सकाळच्या उजेडात खिडकीपाशी उभं करा, ट्यूबलाइटखाली नको, आणि डोळे जवळून पाहा. एखादे काका किंवा आत्या अशा निघतात की ज्यांचे डोळे स्पष्ट पिंगट आहेत आणि ते इतक्या वर्षांत कुणी पाहिलेलं नाही.

आपल्याकडचा आणखी एक भाग इथेच सांगतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. समजा आजोबा घारे होते, आजीकडे ‘जी’ नव्हती. त्यांच्या सगळ्या मुलांकडे एकेक प्रत जाणारच, पण डोळे काळे. त्यांतल्या भावाची मुलगी आणि बहिणीचा मुलगा यांचं लग्न झालं, तर दोघांकडेही प्रत असण्याची शक्यता चारात एक, आणि मग मूल घारं होण्याची पुन्हा चारात एक, म्हणजे सोळात एक. मधल्या अख्ख्या पिढीत आणि लग्न करणाऱ्या दोघांतही कुणी घारं नाही, आणि पणजोबांचे डोळे अचानक पाळण्यात. डोळ्यांच्या रंगापुरतं हे मजेचं आहे. पण लपलेल्या रोगांच्या प्रतीही याच वाटेनं एकत्र येतात, म्हणून नात्यातली लग्नं नकोत असं आम्ही डॉक्टर कंठशोष करून सांगत असतो.

कोकणस्थांचे घारे डोळे हा तर कायमचा विषय. त्यावर फुटलेली जहाजं, परदेशी खलाशी, अशा कथा रंगवून सांगितल्या जातात. जनुकाच्या बाजूनं पाहिलं तर त्या जहाजाची गरज पडत नाही. लहानशा समाजात शतकानुशतकं आपापसातच सोयरिकी होत राहिल्या की सुरुवातीला थोड्याच असलेल्या लपलेल्या प्रती वारंवार समोरासमोर येतात आणि घारी मुलं उठून दिसण्याइतकी होतात. घारे डोळे काही एका जातीची मिरासदारी नाहीत. माझ्याकडे देशावरच्या मराठा घरांतली, सारस्वतांची, कोकणी मुसलमानांची घारी मुलं येतात. अफगाणिस्तान, काश्मीरकडे तर अशा डोळ्यांचं कुणाला अप्रूपच नाही. ही ‘जी’ प्रत फार जुनी आहे. स्पेनमध्ये सापडलेल्या सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याच्या सांगाड्याचं डीएनए 2014 साली वाचलं गेलं, तेव्हा त्याची कातडी सावळी आणि डोळे निळे असावेत असं निघालं. तेव्हा घारे डोळे म्हणजे गोरा पूर्वज, हे समीकरणही विसरा.

इथपर्यंत मी एकाच जागेबद्दल बोललो. तेवढ्यावर थांबलो असतो तर उत्तर सोपं झालं असतं, पण अर्धवट. 1907 साली अमेरिकेत चार्ल्स आणि गर्ट्रूड डॅव्हनपोर्ट या दांपत्यानं डोळ्यांच्या रंगाला मेंडेलचा नियम लावला, आणि त्यातून दोन निळ्या डोळ्यांच्या माणसांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही अशी समजूत रूढ झाली. या नियमाचा तक्ता पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. हे चार्ल्स डॅव्हनपोर्ट पुढे अमेरिकेतल्या वंशसुधारणेच्या चळवळीचे म्होरके झाले. माणसाचे गुण एकेका जनुकाच्या खणात बसवण्याची त्यांची हौस डोळ्यांवर थांबली नाही, आणि तिनं लोकांचं फार वाईट केलं.

तक्ता चुकतो तो अशा ठिकाणी. रंग कमी होण्याच्या वाटा अनेक आहेत. आईचा रंग एका जनुकामुळे उतरला असेल आणि बापाचा दुसऱ्याच, तर मुलाला प्रत्येक जनुकाची एकेक चांगली प्रत मिळते आणि डोळे गडद निघतात. याचं टोकाचं उदाहरण 1952 साली ब्रिटनच्या नेत्रवैद्यकाच्या मासिकात छापून आलं: नवरा-बायको दोघंही जन्मतः संपूर्ण रंगहीन, ज्यांना आपण सूर्यमुखी म्हणतो, आणि त्यांची मुलं मात्र नेहमीच्या रंगाची. दोघांचे दोष दोन वेगळ्या जनुकांतले होते. जे रंगहीनतेत घडतं ते घाऱ्या डोळ्यांत सौम्य रूपात घडतं. 2021 साली जवळपास 1,95,000 लोकांच्या अभ्यासातून डोळ्यांच्या रंगाशी संबंध असलेल्या 61 जागा निघाल्या, त्यांतल्या 50 आधी माहीतच नव्हत्या. सगळ्यांचा वाटा सारखा नाही. हर्क2-ओसीए2 ची जोडी सर्वांत वजनदार, बाकीच्या थोडा गडद, थोडा फिका, असं करत राहतात. म्हणून दोन ‘जी’ असलेल्या दोन बहिणींत एकीचे डोळे राखाडी आणि दुसरीचे मधाळ असू शकतात.

त्यामुळे ‘होणाऱ्या बाळाच्या डोळ्यांचा रंग सांगतो’ म्हणणाऱ्या ॲपवर वेळ घालवू नका. गुन्ह्याच्या तपासासाठी सहा जागा वाचून रंग ओळखणारी आयरिसप्लेक्स नावाची पद्धत आहे. ती निळा आणि तपकिरी चांगला ओळखते, मधल्या छटांना अडखळते. आपल्याकडचे घारे डोळे बरेचसे त्या मधल्याच छटांत मोडतात. केशराचं दूध, नारळाचं पाणी, ग्रहण यांचा डोळ्यांच्या रंगाशी काही संबंध नाही, हे लिहायला लागू नये, पण विचारलं जातं म्हणून लिहिलं.

रंग असाच राहील का? आठव्या महिन्यात पक्कं सांगू नये. जन्मानंतर उजेडात आल्यावर त्या पेशी कामाला लागतात आणि रंगद्रव्य हळूहळू साठतं. युरोपातल्या पुष्कळ बाळांचे डोळे जन्मतः निळसर-राखाडी असतात आणि वर्षभरात बदलतात. आपली बाळं बहुतेक गडद डोळेच घेऊन येतात, कधी सुरुवातीला स्लेटच्या पाटीसारखी राखाडी झाक असते. पहिल्या वर्षात मोठा बदल होऊन जातो, तीन वर्षांपर्यंत थोडाफार चालू राहतो. तुमच्या मुलीचे डोळे आणखी पिंगट झाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. बदल गडद होण्याकडे असतो. लहान मुलाचा डोळा फिका होत चालला, विशेषतः एकच, तर दाखवायला आणा. रंग टिकावा किंवा उजळावा म्हणून मध, गुलाबपाणी, घरचं काजळ यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

दोषाबद्दल. दोन्ही डोळे सारखे घारे, बाळ नजर स्थिर ठेवून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, खेळणं फिरवलं की मागोमाग डोळे फिरवतं, तर घारेपणा हा दोष नाही. उन्हाचा त्रास अशा मुलांना जरा जास्त होतो, टोपी घाला. तपासणीत बाहुली मोठी करायचं औषध घातलं तर ते घाऱ्या डोळ्यात लवकर काम करतं, इतकाच फरक. मात्र काही गोष्टी रंगाच्या कौतुकात झाकल्या जातात, आणि त्यांतली एक मला दरवेळी अस्वस्थ करते. ‘केवढे मोठे, निळसर डोळे आहेत’ म्हणून घरचे खूश असतात, आणि ते मूल जन्मजात काचबिंदूचं असतं. आतला दाब वाढल्यामुळे डोळा ताणून मोठा होतो, वरची काच धुरकट-निळसर दिसते. खूण अशी की डोळ्यातून सारखं पाणी येतं आणि बाळ उजेडात डोळे उघडत नाही, तोंड खांद्यात खुपसतं. इथे दिवस मोजायचे नसतात, शस्त्रक्रिया लागते. दुसरी खूण फोटोतली: फ्लॅशमध्ये बाहुलीत लाल चमक यायच्या ऐवजी पांढरी, मांजराच्या डोळ्यासारखी चमक आली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असा सापडतो, आणि वेळेत सापडला तर मूल वाचतं. घारा रंग रंगीत पडद्यात असतो. बाहुलीच्या काळ्या भोकात काहीही चमकणं हा रंग नव्हे.

सावळ्या घरात एखादं मूल अगदी लख्ख निळ्या डोळ्यांचं, किंवा एक डोळा निळा आणि एक काळा असं जन्मलं, तर मी आधी त्याच्या कानांची तपासणी झाली का ते विचारतो. वार्डनबर्ग नावाच्या आनुवंशिक विकारात असे डोळे आणि जन्मजात बहिरेपण एकत्र येतात, कधी कपाळावर पांढरी बट असते. डोळ्यांचं कौतुक होत राहतं आणि मूल ऐकत नाही हे दीड वर्षांनी लक्षात येतं. एक डोळा फिका, त्याच बाजूची पापणी जराशी खाली आणि बाहुली लहान, असं असेल तर मज्जातंतूची तपासणी करावी लागते. डोळे सतत हलत असतील, केस-कातडीही फार फिकी असेल, तर रंगहीनतेचा विचार करावा लागतो. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही. तरीही एकदा बाळाची साधी तपासणी करून घ्या; बाहुलीतली लाल चमक पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ती प्रत्येक बाळाची व्हायला हवी, काळ्या डोळ्यांच्यासुद्धा.

डीएनए टेस्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या कारणासाठी करू नका. पितृत्वाच्या चाचणीत डोळ्यांचा रंग बघतच नाहीत. गुणसूत्रांवरच्या वीसेक ठरलेल्या जागांवर बारीक तुकडे किती वेळा पुन्हा येतात ते मोजून आईबापाशी जुळवतात. म्हणजे ज्या संशयाला मुळात पुरावाच नाही, त्याच्यासाठी तुम्ही स्वतःला आरोपीच्या जागी उभं करणार. कायदाही असल्या संशयाला थारा देत नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या दांपत्याचंच, ही धारणा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 112 मध्ये होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. मुलाची अशी चाचणी सरसकट करायला लावू नये असं सर्वोच्च न्यायालयानं 1993 पासून पुन्हापुन्हा सांगितलंय. नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. सासूबाईंना समजावायचं काम त्यांनी करावं, तुम्ही नाही.

पुढच्या मुलाचं विचारलंत. तुम्ही दोघंही ‘ए-जी’ आहात असं धरलं तर प्रत्येक खेपेला शक्यता चारात एकच. एक मूल घारं झालं म्हणून ती वाढत नाही, आणि ‘आता एक झालं, पुढची तीन काळी’ असंही नाही. दोन्ही घारी होऊ शकतात. काळ्या डोळ्यांचं झालं, तर त्याच्याकडे लपलेली प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. आणि ही मुलगी मोठी होऊन तिला मुलं होतील तेव्हा प्रत्येकाला तिची एक ‘जी’ जाईलच. जावयाकडे ती नसेल, तर तुमची सगळी नातवंडं बहुधा काळ्या डोळ्यांची होतील, आणि तेव्हाही कुणीतरी विचारेल की आईचे डोळे कुणालाच कसे आले नाहीत.